पंधराचा पाढा

मार्केट यार्डामागच्या गल्लीतून
चौघांनी उचलून मशीन माडीवर आणलं.
फळीवर गाळाची रेघ तशीच,
आयर्विनला सत्तावन्न फूट झालं त्या साली ओढलेली.
बटणांच्या फटीत हळद.
ती पुराची नव्हे, हमालांची.
जेवणाच्या सुट्टीत पोती टाकून यायचे,
पिवळ्या बोटांनी राक्षस मारायचे.
अण्णा रात्री गल्ला मोजताना रुपये पुसायचे,
तरी सदऱ्याचा खिसा पिवळा व्हायचाच.

काच वाचली. पाणी तिच्या खाली चार बोटं थांबलं.
आतला बोर्ड मात्र कुजला.
म्हणून जुना कॉम्प्युटर, म्हणून हे कार्ड,
म्हणून रविवारची रात्र, मी, आणि तौफिक शिकलगार.

भानगड अशी की
काचेला पंधराच समजतं,
सेकंदाला पंधरा हजार रेघा आणि वर थोडी चिल्लर.
कार्ड जन्मापासून एकतीस बोलतं.
पंधरा दुणे तीस, हातचा एक.
दुपटीनं सांगितलेलं काच ऐकून घेत नाही,
चित्र फाडते, एका माणसाचे तीन करते,
फार ताणलं तर आतून जळका वास येतो.
विंडोज उघडल्यावर कार्डाची समजूत घालता येते.
पण जागं होतानाचे पहिले वीस सेकंद
त्याच्या स्वतःच्या मनातले.
तिथे आपलं काही चालत नाही.
तिथलंच बदलायचं होतं.

आधी मूळची प्रत काढली.
"ताई, दोन ठिकाणी ठेवा," तौफिक म्हणाला.
चौसष्ट केबी.
लग्नातला एक फोटोही मावणार नाही एवढ्या जागेत
कार्डाचं सगळं मीपण.

मिरजेच्या दवाखान्यातून भंगारात आलेला सपाट मॉनिटर,
त्यावर काळ्यात पांढरी एक ओळ टाइप केली
आणि एंटरवर बोट ठेवून थांबले.
वीज जाणार असल्याचा मेसेज नव्हता.
पण मेसेज देऊन जाईल ती वीज कसली.
तौफिकनं इन्व्हर्टरवर हात ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आकडे चढायला लागले.
सांगलीच्या माणसाला चढते आकडे बघवत नाहीत.
चाळीस, इशारा.
पंचेचाळीस, धोका.
सत्तावन्नला मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा त्रेसष्ट झाले होते, सत्तर झाले होते,
आणि कुणाचं काही बुडालं नव्हतं.

बंद केलं. मशीनची वायर लावली. दहा मोजले. चालू केलं.
काच काळी.
तशीच काळी.
"ट्यूब तापायला वेळ लागतो,"
असं म्हणत तौफिक स्वतःच उभा राहिला.
मग राखाडी उजेड, आणि त्यात
मेमरी मोजणारी जाड, गुबगुबीत अक्षरं,
थोडी थरथरणारी,
पण एकेकच.

अण्णांना हाक मारली.
गुडघ्यावर हात देत एकेक पायरी चढले.
बघितलं, मान हलवली. म्हणाले,
"शिट्टी नाही येत.
चालू असलं की बारीक शिट्टी यायची याची.
शटरबाहेरूनच कळायचं."
मी कान लावला. काही नाही.
एवढ्या वरच्या आवाजाला माझे कान
कधी बंद झाले, कळलंच नाही मला.

जिन्यात तौफिकचा धाकटा, जुनैद, भडंग खात बसला होता.
त्यानं दोन्ही कानांवर तेलकट हात ठेवले:
"बंद करा की ते. किती वरडतंय."

अण्णा वळले.
"कसं वाजतंय रे? करून दाखव."
त्यानं तोंडाचा चंबू केला.
जमलं नाही. नुसती हवा आली,
आणि लसणाचा वास.
"हां," अण्णा म्हणाले. "तसंच."